तीळ इकडचा तिकडे

दुपारी तीनच्या सुमारास मी दादाच्या चेहऱ्यावरून ओला अंगठा फिरवीत बसले होते, तेव्हा कागदाच्या पांढुरक्या लगद्याखालून त्याच्या गालावरचा तीळ वर आला, आणि तो भलत्याच गालावर होता. दादाचा तीळ डाव्या गालावर आहे. समजू लागल्यापासून तो मी तिथेच पाहत आले आहे आणि लहानपणी भांडण जुंपले की त्याच तिळावरून त्याला चिडवतही आले आहे. लाकडावरचा दादा मात्र उजव्या गालावर तीळ घेऊन, भांगही उलट्या बाजूला पाडून, माझ्याकडे अगदी निर्धास्तपणे पाहत होता. चूक कुठे झाली ते तत्काळ ध्यानात आले, पण ती सुधारण्याची वेळ आदल्या दिवशीच टळून गेली होती.

नाताळच्या झाडाला टांगण्यासाठी घरातल्या माणसांची छायाचित्रे लाकडाच्या चकत्यांवर उतरवायची आणि ज्याची त्याला भेट द्यायची, असा उद्योग मी त्या वर्षी अंगावर ओढवून घेतला होता. कृती ऐकायला फार सोपी आहे. तळहाताएवढी, सालीसकट आडवी कापलेली फांदीची चकती घ्यायची. ती आधी जाड आणि मग बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायची. तिच्यावर ॲक्रिलिकचे जेल माखायचे आणि लेझर प्रिंटरवर छापलेले चित्र त्यावर पालथे दाबून रात्रभर वाळू द्यायचे. दुसऱ्या दिवशी कागद ओला करून बोटाने चोळत राहिले, की कागद निघून जातो आणि चित्र लाकडावर राहते. लेझरची छपाई म्हणजे उष्णतेने वितळवून कागदावर बसवलेली रंगीत प्लॅस्टिकची भुकटी असते, म्हणून ती पाण्याला दाद देत नाही. इंकजेटची शाई असती, तर दादाचे नाक ओघळून हनुवटीपर्यंत आले असते. या सगळ्यात पथ्य काय ते एकच. चित्र पालथे बसणार असल्यामुळे छापण्यापूर्वीच ते आरशातल्यासारखे उलटे करून घ्यावे लागते. सात चित्रांपैकी सहा मी उलटी करून घेतली होती.

चोळण्याला किती वेळ लागतो, हे कोणी आधी सांगत नाही. खोडरबराच्या कचऱ्यासारख्या कागदाच्या बारीक वळ्या अंगठ्याखाली निघत राहतात, चेहरा ओला असेपर्यंत लख्ख दिसतो, आता झाले असे वाटून आपण हात पुसावेत, तर वाळल्यावर सगळ्या चित्रावर पुन्हा धुके पसरलेले असते. मग पुन्हा पाणी, पुन्हा अंगठा. असे तीन-चार वेळा होते. जोर कमी पडला तर धुके जात नाही आणि थोडा जास्त झाला तर कागदाबरोबर भुवईही निघून येते. मामाचा डावा डोळा मी असाच घालवला होता, आणि त्याची दुसरी चकती करताना डोळ्यांपाशी तर्जनीचे नुसते टोक इतक्या हलक्या हाताने फिरवीत होते, की झोपलेल्या माणसाला जाग येईल अशी भीती वाटावी. एरवी मोठेपणी भावाच्या किंवा मामाच्या चेहऱ्याला आपण कधी हात लावतो? दादाच्या हनुवटीवर एक पुसटशी खळी आहे, हे मला त्या दुपारी प्रथमच कळले, आणि तेही बोटाला नव्हे, कारण चित्र सपाटच होते. पण तिथे बोट आपसूक थांबले एवढे खरे.

वास्तविक उलट्या चित्राचा धडा मी फार पूर्वी घेतलेला होता. लहानपणी आम्ही दोघे वहीच्या पानावर मेणबत्ती घासायचो, त्यावर वर्तमानपत्रातले चित्र पालथे ठेवायचो आणि चमच्याच्या पाठीने करकर घोटायचो. कागद उचलला की मेणावर चित्राचे फिकट भूत उमटलेले असायचे. खेळाडू उजखोरे असले तरी वहीत डावखोरे होऊन उतरायचे आणि पाठीवरचे आकडे वाचायला वही आरशासमोर धरावी लागायची. चमच्याला पानाआड बोटभर मेण चिकटायचे आणि तो चमचा कोणाच्या ताटात गेला यावरून जी चौकशी व्हायची, तिच्यात दादा नेहमी माझे नाव सांगायचा. तेव्हा, त्या तिळामागे जुना हिशेब होता असे कोणी म्हटलेच, तर मला प्रतिवाद करता येणार नाही.

लाकडावरच्या चित्रात आणखी एक खोड असते. छपाईत पांढरा रंग नसतोच. चित्रातला पांढरा म्हणजे कागदाचा स्वतःचा पांढरा, आणि कागद तर आपण चोळून टाकलेला असतो. त्यामुळे जिथे जिथे पांढरे होते, तिथे तिथे लाकूड दिसू लागते. आत्याचे पांढरेशुभ्र केस सोनेरी झाले आणि ती वीस वर्षांनी लहान दिसू लागली, याचे श्रेय मी मुकाट्याने घेतले. पण तोंडभर हसणाऱ्या माणसांचे दातही लाकडाच्याच रंगाचे होतात, त्याला इलाज नाही. तेव्हापासून मी चित्रे निवडताना मिटल्या ओठांनी हसणारी माणसे शोधते, आणि आपल्या घरात ती किती कमी आहेत हे पाहून मला उगाचच बरे वाटते.

तिळाच्या चुकीवर पांघरूण घालण्यासाठी मी इतिहासही धुंडाळला. १८३९ साली जगापुढे आलेली, दागेर या फ्रेंच माणसाच्या पद्धतीने काढलेली छायाचित्रे अशीच उलटी असत. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर माणूस आरशात दिसतो तसा उमटे, आणि लोक ती चित्रे मखमलीच्या डब्यांतून आनंदाने जपत. लाकडाच्या आडव्या छेदावर चित्र आणणेही नवे नाही. एकोणिसाव्या शतकातले खोदकाम करणारे कारागीर अशाच छेदावर कोरीत, कारण उभ्या शिरांपेक्षा तिथे बारीक रेघ टिकते, आणि छापून सुलटे यावे म्हणून ते सगळे उलटे कोरीत. पुढे तर कोरण्यासाठी छायाचित्रच थेट लाकडावर उतरवू लागले. त्यांच्यापैकी कोणी एखाद्या दिवशी विसरला नसेल, हे मला पटत नाही.

भेटी दिल्या तेव्हा दादाने चकती हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाला, "वा, पहिल्यांदाच माझा फोटो माझ्यासारखा आला." मी तीळ दाखवला. तो म्हणाला, "बरोबर आहे की, रोज दाढी करताना इथेच असतो." वहिनीने मात्र पाहताक्षणी विचारले होते, हे कोण आहे म्हणून. १९७७ साली अमेरिकेत झालेल्या एका मानसशास्त्रीय प्रयोगात हेच दिसले होते: माणसाला स्वतःचे आरशातल्यासारखे उलटे चित्र अधिक आवडते आणि त्याच्या जवळच्यांना सुलटे, कारण ज्याला जे रोज दिसते ते त्याचे. म्हणजे सात भेटींपैकी सहा मी मला दिसणाऱ्या माणसांच्या केल्या होत्या. आपल्याला कळलेला दादा हा बाकीच्यांचा दादा आहे, त्याचा त्याला ठाऊक असलेला दादा निराळाच, हा विचार त्या वेळी माझ्या मनात आला आणि मग जेवायला हाक आली.

पुढच्या डिसेंबरात झाडाचे सामान काढताना डब्यातून ती चकती निघाली, तेव्हा तिला तडा गेला होता. लाकूड वाळताना गाभ्याच्या दिशेने आकसते त्याच्या सुमारे दुप्पट परिघाच्या दिशेने आकसते, त्यामुळे अख्ख्या चकतीला कुठून तरी उलावेच लागते. ती महिनोन्महिने सावलीत वाळवून घेतली तर धोका कमी होतो, पण तेवढा धीर मला नव्हता. काचेचे गोळे फुटतात तेव्हा निदान एकदम फुटतात. इथे साल फाटून निघालेली भेग दादाच्या कानापर्यंत आली होती आणि तिथे थांबली होती. मी नवी करून देते म्हटले, या वेळी नीट वाळलेल्या लाकडावर आणि सुलटी.

दादाने चकती माझ्या हातातून काढून घेतली, सुतळीची गाठ तपासली आणि ती समोरच्याच फांदीला अडकवली. "राहू दे," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी गालावर येईल. तीळ पलीकडे आहे, तो वाचेल."