पांडुरंगाच्या पोटातला टाइम्स

दोन महिने झाले तरी ही गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकते.

मी पुण्यात पुस्तकांची मांडणी करते. हे काम एका निवृत्त प्राध्यापकांचं होतं, अभंगांवरचं इंग्रजी पुस्तक, 208 पानं, म्हणजे सोळा पानी तेरा फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी पानं म्हणजे एक फॉर्म). मजकूर इंग्रजी पण विठ्ठल, पांडुरंग वगैरे शब्द टिंबवाल्या रोमनमध्ये, म्हणजे टी खाली टिंब, एन खाली टिंब, ए वर आडवी रेघ. हे सगळे टिंबवाले भाऊबंद सगळ्या फॉन्टात नसतात, आणि निम्मं डोकं तिथेच खर्च होतं. मी ईबी गॅरामंड हा फॉन्ट घेतला. फुकट आहे, टिंबं आहेत, आणि 1592 साली फ्रँकफुर्टला निघालेल्या एगेनोल्फ-बर्नर या अक्षरं ओतणाऱ्यांच्या नमुनापत्रकावरून केलाय, त्यातलं ई आणि बी तेच. सरळ अक्षरं क्लॉद गॅरामंडची, तिरकी (इटॅलिक) रोबेर ग्रांजोंची, दोघेही सोळाव्या शतकातले फ्रेंच अक्षर कोरणारे. अकरावर चौदा लावला, म्हणजे अक्षर अकरा पॉइंटचं आणि ओळीला जागा चौदाची, पान कसं मोकळं श्वास घेतं बघा.

शेवटच्या क्षणी सरांनी नवव्या-दहाव्या फॉर्ममध्ये दुरुस्त्या सांगितल्या. मी गावाला. प्रेसवाले म्हणाले ताई फाइल पाठवा, आमचा पोरगा करेल. ओपन फाइल पाठवली आणि फॉन्टचं फोल्डर पाठवायला विसरले. चूक माझी, पहिली.

मशीनप्रूफ, म्हणजे छपाईआधीचा मशीनवरचा नमुना, बघायला गेले. वरवर सगळं ठीक, ओळी जिथल्या तिथे. मग 'पांडुरंग' दिसला. त्याच्या मधला टिंबवाला एन शेजारच्या अक्षरांपेक्षा उंच आणि काळा, पंगतीत कोणी पाटावर पाट घेऊन बसावं तसा. काच लावून बघितलं, तो चक्क टाइम्स नावाच्या फॉन्टचा. मग शेजारचे एम, आर बघितले. वर डावीकडे जे नख (सेरिफ) असतं ते माझ्या फॉन्टात मऊ उतरतं, इथे खोल आणि तिरकं, कुऱ्हाडीनं तासल्यासारखं. इटॅलिक कॅपिटलं तर प्रत्येक आपापल्या कोनात झुकलेलं. म्हणजे बत्तीस पानं दुसऱ्याच गॅरामंडमध्ये!

झालं असं की प्रेसच्या पोराच्या कॉम्प्युटरवर ईबी नव्हता, यादीत मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर आलेला नुसता 'गॅरामंड' होता, त्यानं तो लावला. ओळी सरकल्या तर ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधली जागा, कमीजास्त करून एकेक ओळ परत जागेवर बसवली, टिंबवाली अक्षरं नव्हती तिथे एकेक टाइम्स डकवला. रात्रभर बसला होता पोरगा. खरं सांगायचं तर इतकी मेहनत मी अनेक 'डिझायनर' म्हणवणाऱ्यांत पाहिली नाही, त्याला ओरडायची माझी हिंमतच झाली नाही. राग आला तो एकाच नावाखाली दोन माणसं विकणाऱ्यांचा.

कारण तो ऑफिसवाला गॅरामंडचा नाहीच. तो ज्याँ जॅनोंच्या अक्षरांवरून केलेला. गॅरामंड 1561 मध्ये वारला, जॅनों जन्मला 1580 मध्ये, सेदाँ गावचा प्रोटेस्टंट छापखानेवाला. त्याची अक्षरं पॅरिसच्या सरकारी छापखान्यात पोचली, पुढे तिथेच गॅरामंडच्या नावावर चढली, आणि विसाव्या शतकात मोनोटाइपसकट मोठमोठ्या फॉन्टकंपन्यांनी हौसेनं त्याच्यावरून 'गॅरामंड' काढले. 1926 साली बिआट्रिस वॉर्ड या बाईनं पॉल बोजाँ असं पुरुषी टोपणनाव घेऊन लेख लिहिला तेव्हा कळलं की बाप वेगळाच आहे. तरी मेनूत नाव बदललं नाही ते नाहीच.

मी प्रेसच्या मालकांना म्हटलं दोन फॉर्म पुन्हा नव्यानं करू. ते वैतागले, अहो ताई, कोणाला कळतंय? सरांना फोन लावला. सर म्हणाले, "पांडुरंगाच्या पोटातलं एक अक्षर जाड झालं तर बिघडलं कुठे, त्यानं कोणाकोणाला पोटात घेतलंय." मी हसले, पण त्या दोन फॉर्मच्या छपाईच्या चार प्लेटांचे पैसे मीच देते म्हटल्यावर मालक गप्प झाले.

आता वाटतं, टाइम्सची अक्षरं बदलायलाच हवी होती, ती डोळ्यात खुपतात. पण त्या बत्तीस पानांतल्या बाकीच्या अक्षरांचं काय? ती कोणाच्याही लक्षात आली नसती, जाणकारांच्याही कित्येक वर्षं आली नव्हती. मी पुस्तकासाठी थांबवलं की मला माहीत होतं म्हणून?

परवा त्या पोराचा फोन आला. ईबी टाकून घेतलाय म्हणाला, छान आहे. मग विचारलं, "ताई, मग तो दुसरा काढून टाकू का?" मी म्हटलं, नको रे, तोही चांगलाच आहे.

"मग त्याला काय म्हणू?"

जॅनों म्हण, म्हटलं. तो म्हणे, "यादीत तसा सापडत नाही ना पण."