श्री स्वामी समर्थ, फुल रेंज

एप्रिलमधला सोमवार होता. बीसीएच्या दुसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा, म्हणजे आधी वेब डेव्हलपमेंटचा प्रोजेक्ट दाखवायचा आणि त्याला जोडूनच नेटवर्किंगची तोंडी. एक्स्टर्नल मॅडम बार्शीहून पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या. सोलापुरात एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच पंखा गरम वारा फेकायला लागतो. आमच्या लॅबमध्ये एसी आहे, पण तो सर्व्हरच्या खोलीत. माणसांना पंखे.

शिपाईमामांनी साडेआठलाच पहिल्या दोन रांगांची मशीन चालू करून ठेवली होती. बाकीच्या रांगा पोरं आल्यावर. मी मोबाइल लॅबच्या वायफायला जोडायला गेलो, तर यादीत सगळ्यात वर ‘श्री स्वामी समर्थ’ नावाचं वायफाय, फुल रेंज. अक्कलकोट इथून तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे सोलापुरात हे नाव रिक्षाच्या मागे, दुकानाच्या पाटीवर, कुठंही दिसतं. शेजारच्या अपार्टमेंटमधलं असेल म्हणून सोडून दिलं. तिथंच थांबून विचार केला असता तर पुढचा तास वाचला असता.

साडेनऊला तिसऱ्या रांगेतून पहिली हाक आली. “सर, प्रोजेक्ट उघडंना झालंय.”

सगळ्यांचे प्रोजेक्ट पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये केलेले, आमच्या लॅब सर्व्हरवर ठेवलेले. ब्राउझरमध्ये त्याचा आयपी पत्ता १९२.१६८.१.१० टाकला की यादी यायची. पहिल्या दोन रांगांत येत होती, तिसऱ्या रांगेत काहींना येत होती, चौथ्या रांगेत जवळजवळ कुणालाच नाही. मी ११ वर्षं नेटवर्किंग शिकवतोय. पहिला संशय अर्थातच केबलवर. टेस्टर लावला, केबलच्या टोकाचा एक आरजे-४५ प्लग सैल वाटला तो कापून नवा क्रिम्प केला. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. आतल्या तारांचा हा क्रम मी झोपेतही म्हणू शकतो. केबल ठणठणीत. प्रोजेक्ट उघडेना.

मग दुसरा रामबाण उपाय. कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग रिलीज, आयपीकॉन्फिग रिन्यू. म्हणजे मशीननं आपला पत्ता परत करायचा आणि नवा मागायचा. एका मशीनवर केलं, चालू झालं. हुरूप आला. दुसऱ्यावर केलं, नाही झालं. तिसऱ्यावरही नाही. मग कुणीतरी म्हणालं, “सर, पहिल्या रांगेत पण एकदा करून बघा की,” आणि मी शहाण्यासारखा तिथंही केलं. जी मशीन सुखानं चालली होती, त्यातली निम्मी बंद पडली! स्क्रीनवर नवा पत्ता दिसत होता, १९२.१६८ नं सुरू होणारा. तेवढं वाचून मी पुढच्या मशीनकडे जात होतो. तिसरा आकडा १ च्या जागी ० आहे हे माझ्या डोळ्यांना दिसलंच नाही. पेपर तपासताना ओळखीच्या अक्षराचं उत्तर आपण वाचतच नाही, तसं काहीतरी.

सव्वादहाला मॅडम म्हणाल्या, “सर, तोवर मी व्हायवा उरकते.” आवाजात राग नव्हता, पण त्यांची परतीची एसटी चारची होती आणि ते त्यांनी सकाळीच सांगितलं होतं.

मी चौथ्या रांगेच्या टेबलाखाली, हातात पक्कड, कानावर कोपऱ्यातली तोंडी. शहराच्या पूर्व भागातली एक मुलगी, घरी तेलुगू, मराठी अगदी छापल्यासारखं. मॅडमनी विचारलं, नेटवर्कवर मशीनना आपोआप पत्ते वाटणारं डीएचसीपी कसं चालतं? ती सुरू झाली. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲकनॉलेज, म्हणजे डोरा. सर्व्हरचं पोर्ट ६७, क्लायंटचं ६८. मानक आरएफसी २१३१, साल १९९७. पोरगी एक श्वास घेईना. सगळं माझ्याच नोट्समधलं, माझ्याच क्रमानं.

“बरं, आणि एकाच नेटवर्कमध्ये दोन डीएचसीपी सर्व्हर असले तर?”

हे नोट्समध्ये नव्हतं. ती थोडी थांबली. “मग दोघंही ऑफर देतील मॅडम. जी आधी येईल, ती क्लायंट बहुतेक घेईल.”

मी टेबलाखालून बाहेर आलो. जवळच्या मशीनवर आयपीकॉन्फिग ऑल मारलं आणि या वेळी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. डीएचसीपी सर्व्हर: १९२.१६८.०.१. आमचा सर्व्हर १९२.१६८.१.१०. म्हणजे लॅबमध्ये आणखी कुणीतरी पत्ते वाटत बसलं होतं, आणि ते पत्ते घेतलेल्या मशीनना आमचा सर्व्हर सापडत नव्हता. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकलं तर एका घरगुती राऊटरचं लॉगिन पान समोर.

आमचा सर्व्हर मागं का पडत होता, तेही तेव्हाच उमगलं. तो लिनक्सवरचा. ऑफर देण्याआधी तो पत्ता खरंच मोकळा आहे का, हे बघायला पिंग मारून सेकंदभर थांबतो. एवढी सभ्यता त्या राऊटरकडे नसावी. आणि पत्ता मागणारं मशीन, देणारा कोण हे विचारतच नाही. नेहमीच्या वापरातल्या डीएचसीपीत ती सोय नसते. सगळ्या केबल जिथं जुळतात त्या नेटवर्क स्विचमध्ये, महागातला असेल तर, यावर बंदोबस्त असतो, डीएचसीपी स्नूपिंग म्हणतात त्याला. आमचा स्विच साधा, २४ पोर्टचा. मागणी तीन वर्षांपासून दिलेली आहे. असो.

मोबाइल काढला. ‘श्री स्वामी समर्थ’, अजूनही फुल रेंज.

“हे वायफाय कुणाचं आहे रे?”

चौथ्या रांगेच्या टोकाला एक जण उठला. त्याच्या बॅगमागं, भिंतीच्या पोर्टला जोडलेला पांढरा राऊटर. “माझं आहे सर. डब्ल्यूएएनला लावलं तर नेट यीना, म्हणून पिवळ्या पोर्टला लावलं. मोबाइलवर एकदा प्रोजेक्ट उघडला, मग उघडंना. मला वाटलं लॅबचंच नेट गेलंय.” डब्ल्यूएएन म्हणजे बाहेरचं इंटरनेट घ्यायचं पोर्ट; पिवळी पोर्टं आतल्या मशीनची, तिकडे राऊटर स्वतः पत्ते वाटतो.

“पण आणलास कशाला?”

“मोबाइलवर चालवून दाखवलं तर जास्त मार्क, असं तुम्हीच म्हणाला होता सर.”

म्हणालो होतो. वर लॅबच्या वायफायचा पासवर्ड मुलांना द्यायचा नाही, हा नियमही माझाच.

मॅडम उठून तिथवर आल्या. आता या पोराचं काही खरं नाही, असं मला वाटलं. त्यांनी शांतपणे खुर्ची ओढली. “हीच तुझी व्हायवा. लॅबला त्रास न होता हा राऊटर इथं चालवून दाखव.”

त्याचे हात थरथरत होते. आधी केबल काढली. मग स्वतःच्या लॅपटॉपवरून लॉगिन केलं, राऊटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२५० केला, डीएचसीपी बंद केलं आणि केबल पुन्हा त्याच पिवळ्या पोर्टला लावली. आता पत्ते फक्त आमचा सर्व्हर देणार, राऊटर नुसतं वायफाय. मी सगळ्या रांगांना रिन्यू करायला लावलं. लॅब पाच मिनिटांत जागेवर.

मग त्यानं मोबाइलवर प्रोजेक्ट उघडला. त्याची आई बिड्या वळते. रोज किती पत्ता, म्हणजे बिडीचं पान, नि तंबाखू आणली, किती बिड्या दिल्या, किती नापास झाल्या, याचा आठवड्याचा हिशेब. बटणं मोठी, अक्षरं मराठी, कारण ते आईनं वापरायचं होतं. मॅडमनी मुद्दाम दिलेल्यापेक्षा जास्त नापास बिड्या भरून बघितल्या, तर त्यानं तीही अडवणूक लिहिलेली होती. एक कॉलम मात्र ‘पत्ता’ नावाचा. “यात आयपी येतो का?” मॅडमनी विचारलं, तेव्हा कुठं तो हसला.

चारची एसटी चुकली. मॅडम पाचच्या गाडीनं गेल्या.

संध्याकाळी लॅब बंद करताना तो राऊटर बॅगेत कोंबत होता. म्हटलं, घरचाच आहे का हा? “हो सर. सकाळी न सांगता काढून आणलाय. बहिणीचा ऑनलाइन क्लास बुडाला असणार आज.” आणि दारातून परत वळून: “सर, घरी लावायच्या आधी याचं डीएचसीपी परत चालू करायला लागंल ना?”

“लागेल,” म्हटलं. “आणि केबल डब्ल्यूएएनला.”