आधी जेवलास का, ते विचारा

"बिनपगारी समाजकाम करणारी पोरं तुमच्याकडे टिकतात कशी?" हा प्रश्न मला लग्नाच्या मांडवात गाठतो, तसा विश्रामबागच्या चहाच्या गाड्यावरही गाठतो. विचारणारे बहुतेक स्वतः एखादं मंडळ नाहीतर वाचनालय चालवणारे असतात. प्रशिक्षण द्या, प्रमाणपत्र द्या, असं काहीतरी उत्तर त्यांना हवं असतं. तेही लागतंच. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कामाची चौकशी पोराकडे सगळेच करतात. पोराची चौकशी करणारं एक तरी माणूस असेल, तर तो टिकतो.

ऑगस्ट 2019 चा पूर सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, आणि त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर चिखल उपसायला आणि मदतीची किट वाटायला कॉलेजची पोरंच पुढे होती. आमच्या गटाचं वाटप एका विशीतल्या मुलाकडे होतं. किट कमी, घरं जास्त. भर गल्लीत एक आजी त्याच्यावर तुटून पडल्या, "वळखीच्यांना देतोस व्हय रं? आमी काय पाप केलंय?" तो मान खाली घालून वहीत लिहीत राहिला. जवळ जाऊन बघितलं, तर पेनातली शाई संपलेली. कागदावर नुसते ओरखडे उठत होते, तरी लिहिणं थांबत नव्हतं.

संध्याकाळी ग्रुपवर मोठ्यांचा मेसेज आला, 'आजचा हिशोब कुठाय?' विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, देणगीदारांना उत्तर द्यायचं होतं. मी त्याला पायरीवर बसवलं आणि भडंगाचा पुडा फोडला. म्हटलं, "हिशोब सकाळी. आधी खा. घरी कसं आहे?" तेव्हा कळलं, घर त्याचंही पाण्यात गेलेलं. आई शाळेतल्या निवारा केंद्रात होती आणि तिला भेटायला त्याला जमलंच नव्हतं. स्वतःच्या घरासाठी त्यानं किटही घेतलं नव्हतं. वाटणाऱ्यानंच घेतलं तर लोक काय म्हणतील, ही धास्ती. इतके दिवस सगळे त्याला किती वाटले, किती उरले, एवढंच विचारत होते. वही दुसऱ्या मुलीकडे दिली, एक किट त्याच्या हातात ठेवलं आणि त्याला आईकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी हिशोब घेऊन तो आपणहून आला.

हिशोब चुकला तर मी सोडत नाही, हेही सांगायला हवं. फक्त तो चारचौघांत विचारत नाही, आणि ग्रुपवर तर नाहीच नाही. शेजारी बसून वही उघडायची, चूक दोघांनी मिळून शोधायची. लोकांसमोर मात्र त्याची बाजू आपण घ्यायची. गल्लीतली माणसं चिडली, तर पुढे होऊन "यादी मी केली आहे, मला बोला" म्हणणारं मोठं माणूस त्याच्यासोबत उभं असलं पाहिजे. विशीतल्या पोराला एकट्याला गर्दीपुढे ढकलून आपण त्याला 'नेतृत्वाची संधी' म्हणतो, हे मला मुळीच पटत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. तिच्या घरी एकदा तरी जाऊन यावं, आईच्या हातचा चहा घ्यावा. मीटिंग शेवटच्या एसटीच्या आत संपवावी. कवठेमहांकाळकडच्या मुलीला घरी पोचायला उशीर झाला, की बोलणी तिची ती खाते. पुढच्या वेळी ती येत नाही आणि आपण म्हणतो, मुलींमध्ये चिकाटी नाही.

आपल्या जिल्ह्यात प्रतिसरकारच्या, म्हणजे स्वातंत्र्यलढ्यात इंग्रजांना न जुमानता इथल्या लोकांनी चालवलेल्या कारभाराच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. त्याच लढ्यातल्या कुंडलच्या तुफान सेनेची पोरं किती धाडसी, हे आम्ही लहानपणापासून ऐकलं. मला मात्र त्यात कायम ती घरं दिसतात, ज्यांनी भूमिगतांना रात्री-अपरात्री दार उघडलं, भाकरी वाढली आणि कुठे जाणार म्हणून विचारलं नाही. त्या घरांशिवाय ते धाडस किती दिवस चाललं असतं?

राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तासांचं काम धरतात. तास मोजायला सोपे असतात. काम नसताना केलेला फोन कुठल्याच रजिस्टरमध्ये चढत नाही, पण तो करावा. पोलीस भरतीचं ग्राउंड कसं झालं, बहिणीचं लग्न ठरलं का, एवढंच विचारावं आणि शेवटी "येत्या रविवारी ये हं" असं जोडू नये. ते जोडलं की आधीची सगळी विचारपूस कामासाठीच होती, हे पोरांना लगेच कळतं.

आणि कुणी थांबायचं म्हणत आलं, परीक्षेसाठी असो, नोकरीसाठी असो किंवा नुसतं दमलो म्हणून असो, तर मी "किती दिवस?" विचारत नाही. "ज्यांच्यासाठी करतोस त्यांचं काय?" हे तर कधीच नाही. वही कुणाकडे द्यायची ते आम्ही दोघं ठरवतो, हाताखालच्या मुलांना तो स्वतः सांगेल की मी, तेवढं विचारते आणि त्याला मोकळा करते.