मिसिसिपीकाठचं बटणांचं गाव

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मिसिसिपीच्या पश्चिम काठावर, मस्कटीन नावाचं चोवीसेक हजार वस्तीचं गाव आहे. वरच्या डेव्हनपोर्ट शहराकडून जवळजवळ पश्चिमेला वाहत आलेली नदी इथे एकदम दक्षिणेकडे वळते, त्या वळणावर. नवऱ्याला इथल्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा न्यू जर्सीतली मावसबहीण म्हणाली, "अगं, तिथे मक्याशिवाय काही आहे का?" मका आहे, भरपूर आहे. वारा फिरला की मक्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याचा दमट, आंबूस वास घरापर्यंत येतो. पण नदीही आहे, आणि मी सांगलीची असल्यामुळे मला ती पुरली.

सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी मोजतात, म्हणून सांगलीकराला पावसाळ्यात 'आयर्विनला किती फूट?' एवढंच विचारायचं असतं. मस्कटीनमध्येही हीच भाषा चालते. इथे सोळा फुटांना पूरपातळी धरतात, आणि एप्रिल-मे आला की बँकेतला कॅशियरसुद्धा फूट आणि इंच बोलायला लागतो. फरक आहे तो वेगाचा. इथलं पाणी म्हणजे वर मिनेसोटा-विस्कॉन्सिनमध्ये वितळलेलं बर्फ आणि त्यावर पडलेला वसंतातला पाऊस. ते सावकाश येतं, हवामान खातं कित्येक दिवस आधी आकडा सांगतं, आणि लोक नदीकाठच्या बागेतली बाकं उचलून ठेवतात. येतं सावकाश, पण जायलाही तयार नसतं. २०१९च्या वसंतात डेव्हनपोर्टच्या रस्त्यांवर पाणी घुसलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. आई अजून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारते, "तुमचं पाणी किती फूट गं?"

धरणावरून मात्र इथे भांडण नाही. गावाच्या जरा वर १६ क्रमांकाचं लॉक (बोटींना वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात नेणारा दरवाजांचा हौद) आणि धरण आहे, १९३०च्या दशकातलं. ते पाणी साठवायला बांधलेलंच नाही. बोटींना नऊ फूट खोल पाणी मिळावं म्हणून नदीच्या केलेल्या पायऱ्यांपैकी ती एक पायरी. पूर आला की दरवाजे वर उचलतात आणि नदी मोकळी वाहते. सांगलीच्या पुराचं खापर ज्यावर फुटतं त्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या बातम्या वाचत वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

लॉकपाशी उभं राहून बार्ज, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू होड्या, बघणं हा इथला फुकटचा करमणुकीचा कार्यक्रम. एका बार्जमध्ये दीड हजार टन धान्य मावतं. अशी पंधरा बार्ज तारदोरांनी एकत्र आवळलेली आणि मागून ढकलणारी एक टोबोट. हा तांडा लॉकच्या दुप्पट लांब, म्हणून मध्येच सोडून दोन खेपांत काढावा लागतो. दीड-दोन तास सहज जातात. डेकवरची पोरं बर्फासारख्या गार वाऱ्यात दोर फेकत असतात, आणि काठावरचे निवृत्त आजोबा त्यांच्या प्रत्येक चुकीवर टिप्पणी करत असतात. आपल्याकडच्या पारावरच्या मंडळींना इथे बसवलं तर फक्त तपकिरीची डबी वेगळी दिसेल.

या गावाने नदीकडून जे जे घेता येईल ते घेतलं, आणि संपेपर्यंत घेतलं. आधी लाकूड. उत्तरेतल्या जंगलांतले ओंडके तराफे करून खाली यायचे, इथल्या गिरण्या ते कापायच्या. जंगलं उघडी पडली तसा तो धंदा बसला. तोवर शिंपल्यांचा सुरू झाला होता.

जॉन बोपल हा हॅम्बुर्गजवळचा बटणं करणारा कारागीर. १८९० साली अमेरिकेने आयात मालावर जबर जकात बसवली, परदेशी बटणं महागली, आणि याने हेरलं की मिसिसिपीच्या तळाशी जाड, चमकदार शिंपल्यांचे थरच्या थर आहेत. १८९१मध्ये त्याने मस्कटीनमध्ये काम सुरू केलं. १९०५पर्यंत हे गाव वर्षाला दीड अब्ज बटणं करत होतं, म्हणजे जगातल्या एकूण बटणांच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त.

शिंपले काढायची रीत मला फार आवडली. सपाट बुडाच्या होडीतून एक लांब दांडा तळावर ओढत न्यायचा. त्याला दोऱ्यांनी बिनधारेचे आकडे लटकवलेले. शिंपला तोंड उघडून बसलेला असतो. आकडा आत शिरला की तो घाबरून गच्च मिटतो आणि स्वतःच पकडला जातो. मग काठावर मोठ्या कढयांत उकळायचे, मांस फेकायचं. त्या दिवसांतल्या वासाची कल्पना न केलेली बरी. शिंपले पिंपांत भिजवून मऊ करायचे आणि नळीच्या आकाराच्या करवतीने त्यांतून गोल चकत्या काढायच्या.

अशी भोकं पडलेली एक शिंप आमच्या शेजारच्या आजींनी मला दिली. बाहेरून मातकट, खडबडीत, आतून दुधी, आणि उजेडात धरली की गुलाबी-हिरवी झाक. चार स्वच्छ गोल भोकं, आणि पाचवं कडेला अर्धवट, तिथे करवत घसरली असावी. एका शिंपेतून एवढंच निघायचं, बाकी सगळा कचरा. तो कचरा गावाने रस्त्यांत आणि अंगणांत भरावाला घातला. आजींच्या आईने लहानपणी शाळेतून आल्यावर पुठ्ठ्यावर बटणं शिवायचं काम केलं होतं. घरोघरी बायका-मुलं हेच करत. आपल्याकडे विड्या वळत, तसं. मजुरीही त्याच मापाची. १९११मध्ये कामगारांनी आवाज उठवला तेव्हा गव्हर्नरने सशस्त्र शिपाई पाठवले. बटणांच्या संग्रहालयात चकाकणारी कपाटं बघताना हा भाग लोक भरभर ओलांडतात, असं माझं निरीक्षण आहे.

शिंपले संपत चाललेत हे बोपलला लवकर कळलं. गावाजवळच फेअरपोर्टला सरकारने शिंपल्यांच्या संवर्धनाचं केंद्र काढलं. या शिंपल्यांची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, म्हणून तिथले शास्त्रज्ञ मासे पकडून त्यांना मुद्दाम ही पिल्लं चिकटवायचे आणि नदीत सोडायचे. बोपल अखेरीला याच कामात होता. नदीत शिंपल्यावर पाय पडून कापला, जखम चिघळली आणि १९१२मध्ये तो गेला. पुढे प्लॅस्टिकची बटणं आली आणि उरलेला धंदाही गेला.

गावाचा अभिमान मात्र मी बटणांवर ठेवला नसता, अलेक्झांडर क्लार्कवर ठेवला असता. हा कृष्णवर्णीय न्हावी १८४२मध्ये इथे आला. आगबोटींना जळाऊ लाकूड विकून त्याने पैसा केला. त्याच्या मुलीला, सुझनला, गोऱ्यांच्या शाळेने दारातून परत पाठवलं, तर हा गडी कोर्टात गेला. १८६८मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला तिथवर पोचायला १९५४ उजाडावं लागलं. त्याचं घर आहे, एका शाळेला सुझनचं नाव आहे, पण बाहेरून आलेल्या पाहुण्याला गावकरी आधी शी जिनपिंगचं घर दाखवतात. १९८५मध्ये, चीनमधल्या एका तालुक्याचा अधिकारी म्हणून ते शेती बघायला आले होते आणि एका कुटुंबाकडे, घरातल्या मुलाच्या खोलीत, राहिले होते. २०१२मध्ये, उपराष्ट्राध्यक्ष असताना, जुन्या यजमानांना भेटायला परत आले.

रोजचं जगणं साधं आहे. भारतीय किराण्यासाठी आयोवा सिटी नाहीतर डेव्हनपोर्ट गाठावं लागतं, पण गावात मेक्सिकन वस्ती मोठी, त्यामुळे कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, चिंच, पेरू सगळं मेक्सिकन दुकानात मिळतं. दुकानदारीण मला स्पॅनिशमध्ये आणि मी तिला इंग्रजीत सांगते, मिरचीचा तिखटपणा दोघींना हातवाऱ्यांनी कळतो. ऑगस्टमध्ये गावाच्या दक्षिणेकडच्या रेताड जमिनीतली खरबुजं येतात. ती मात्र खाल्लीच पाहिजेत, आपल्या नदीकाठच्या वाळूतल्या खरबुजांच्या तोडीची.

आणि शिंपल्यांचं प्रकरण बटणांबरोबर संपलं नाही बरं का. जपानी लोकांनी मोती पिकवायला घेतले तेव्हा कालवाच्या पोटात ठेवायला गोल, कठीण मणी हवा होता. तो सगळ्यात चांगला बनतो मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या याच जाड शिंपल्यांचा. म्हणून इथले शिंपले जहाज भरभरून जपानला गेले. हे मी आईला फोनवर सांगितलं. तिच्या मोत्याच्या कुड्या सराफाने 'अस्सल जपानी' म्हणून विकल्या होत्या.

"त्यांच्या आत तुझ्या गावचा दगड असेल म्हणतेस?"

"शिंपला. असण्याची शक्यता बरीच आहे."

"आणि त्या मेल्याने जपानी म्हणून जास्तीचे पैसे घेतले!"