काचेवर रेघा का उरतात?

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या बाजूच्या खिडक्यांवर नुसता ओला वायपर फिरवला तर धुळीचा चिखल होतो, बाकी काही नाही. आधी खिडकीच्या रुळातली माती जुन्या टूथब्रशने काढा. मग काच कोरड्या फडक्याने झटका.

५ लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा अर्धा चमचा पुरे. जास्त घातलं की फेसाचाच पांढुरका थर बसतो. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर काच वाळू देऊ नका, डाग पडतात. ऊन थेट काचेवर असताना तर हात लावूच नका.

आता खरी गोम. काच पूर्ण ओली केल्यावर वरच्या कडेला दोन बोटं रुंदीची पट्टी कोरडी करून घ्या. वायपरचं रबर तिथे टेकवून खाली ओढा. कोरड्या पट्टीपासून सुरुवात केली की वरून ओघळ येत नाही. पुढचा हात आधीच्या पट्ट्यावर दीड-दोन इंच चढवा आणि प्रत्येक ओढीनंतर रबर पुसा. हा पुसण्याचा कंटाळाच बहुतेकांना नडतो.

दाब बेताचाच. जोर लावला की रबर आडवं पडतं आणि पाणी मागे राहतं. दर वेळी त्याच जागी बारीक रेघ उमटत असेल, तर रबराच्या धारेला खाच पडली आहे. ते काढून उलटं बसवा, दुसरी धार सहसा चांगली असते.

बाहेरची बाजू? वरच्या मजल्यावर वाकून पुसायची नाही. सरकती काच आत घेता येत नसेल तर सोडून द्या.