टोप्या उडाल्या ती रात्र

रात्री पावणेदोनला कॉम्प्रेशनमधून, म्हणजे गोळ्या दाबायच्या विभागातून, फोन आला. "साहेब, टोप्या उडतायत." बोलत होते काका. आमच्याकडे मशीनचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा तेवढा एकच माणूस, त्यामुळे पंच (गोळी दाबणारे दांडे) तपासले का वगैरे विचारायची सोय नव्हती.

पॅरासिटामॉल 500. डायमधून, म्हणजे साच्यातून, गोळी धडधाकट बाहेर येई, हार्डनेसलाही पास. ठिसूळपणा तपासायच्या फ्रायबिलिटीच्या ड्रममध्ये मिनिटाला 25 या वेगाने 100 फेरे झाले की वरची घुमटी, म्हणजे टोपी, नखाने उचलावी इतकी सुटी. वजनातली घट 1 टक्क्यापर्यंत चालते, पण एक जरी गोळी फुटली तरी नापास.

लोकांना वाटतं पावडर दाबली की झाली गोळी. हा रेणू दबतो, पण मनापासून नाही. बाजारात मिळतं ते त्याचं पहिलं स्फटिकरूप. त्याच्या स्फटिकात हायड्रोजन बंधांनी बांधलेले थर पन्हाळी पत्र्यासारखे दुमडलेले असतात, एकमेकांवरून सरकायला गेले की अडकतात. मग कण चपटे होऊन चिकटायच्या ऐवजी दाब नुसता सोसतात आणि पंच उठला की अंग ताणतात. दुसऱ्या रूपात थर सपाट, पत्त्यांच्या जुडीसारखे सरकतात. ती पावडर सरळ दाबता येते. पण ते रूप टिकत नाही, पहिल्यात बदलतं. म्हणून याचे लाड करायचे: पावडरीचे दाणे बांधायला स्टार्चची पेस्ट, त्या दाण्यात थोडा ओलावा, मुख्य दाबाआधी एक हलका दाब.

दाण्यांचा ओलावा निघाला 0.9 टक्के. नेहमी 2 च्या आसपास असतो. ड्रायरवर त्या दिवशी कोणाला घरी जायची घाई होती, ते सोडा.

काकांनी वेग उतरवला, आधीचा हलका दाब वाढवला. दोन्ही एकदम, आणि मीही हो म्हटलं. टोप्या थांबल्या. डेव्हिएशनमध्ये, म्हणजे बिघाडाच्या नोंदीत, मूळ कारण लिहिलं: दाणे जास्त सुकले. क्यूए (गुणवत्ता विभाग) खूश, त्यांना रकाना भरलेला लागतो.

पण मागच्या महिन्यात 1 टक्का ओलाव्याची बॅच विनातक्रार गेली होती. यावेळी पॅरासिटामॉलचा लॉट नवा होता. दोन्हींची चिमूट मायक्रोस्कोपखाली पाहिली. जुन्यात बारीक कणांचे गुच्छ, नव्यात सुटे, खडीसाखरेसारखे धारदार खडे. सर्टिफिकेटं मात्र जुळी: शुद्धता तीच, पाणी तेच, चाळणीलाही दोन्ही पास. दाबल्यावर माल किती उसळतो याला त्यात रकानाच नाही.

जुन्या लॉटचा थोडा माल बाजूला काढून ठेवलाय. एकाच ओलाव्यावर, एकाच वेगाने दोन्ही चालवायचेत. आर अँड डीवाले छोट्या मशीनची तारीख देत नाहीत. काकांना विचारलं तर म्हणाले, "नवाच उडेल साहेब, पहिल्याच तासाला आवाज वेगळा होता." मग त्या रात्री ते बोलले का नाहीत, हे मी अजून विचारलेलं नाही.