टीबी बरा झाला, रक्त मात्र आलं

टीबीचा कोर्स पुरा करून ‘बरा झाला’ असा शेरा मिळाला, तरी उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात एक पोकळी उरली होती. अनेक वर्षांनी एका रात्री खोकल्याबरोबर तिथून फेसाळ, लालभडक रक्त आलं. वाटीभर तरी असेल.

हॉस्पिटलात आधी मला उजव्या कुशीवर वळवलं. रक्त येतंय ती बाजू खाली ठेवली की चांगल्या फुफ्फुसात रक्त उतरत नाही. अशा वेळी माणूस रक्त जाऊन कमी आणि श्वास कोंडून जास्त दगावतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं नाही तेच बरं!

ट्रॅनेक्सॅमिक या रक्त थांबवणाऱ्या औषधाने थांबेना. सीटी अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, दोषी सापडली ती श्वासनलिकांना रक्त पुरवणारी ब्राँकियल धमनी. ती थेट महाधमनीतून निघते, त्यामुळे तिच्यात दाब जास्त. जुन्या व्रणाभोवती ती फुगून वेडीवाकडी वाढली होती. त्या अवस्थेत फुफ्फुसाचं ऑपरेशन फार धोक्याचं, म्हणून एम्बोलायझेशन ठरलं, म्हणजे जांघेतून नळी नेऊन ती धमनी आतून बारीक कणांनी बंद करणं.

संमतीपत्रात ‘पायांतलं बळ जाऊ शकतं’ हे वाचून भाच्याचा पेन थांबला. मज्जारज्जूला रक्त देणारी बारीक धमनी कधीकधी याच फांदीतून फुटते. कण तिच्यात गेले तर घात. मीच म्हणालो, “कर रे सही.”

कॅथलॅबमध्ये फक्त जांघेत भूल. मी टक्क जागा. दुखलं विशेष नाही, पण खोकला दाबून निपचित पडणं महाकठीण. “काका, श्वास रोखा... हलू नका.” रक्तवाहिन्या चित्रात दिसाव्यात म्हणून डाय सोडला की छातीत ऊब पसरायची. मायक्रोकॅथेटर, म्हणजे अगदी बारीक नळी, पुरेसा आत नेऊन त्यांनी पीव्हीए या प्लास्टिकचे कण सोडले, ३०० ते ५०० मायक्रॉनचे, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आतले. मध्येच पायाची बोटं हलवायला सांगितली. मग मी हलवतच राहिलो, शेवटी डॉक्टर म्हणाले, “पुरे काका, चित्र हलतंय.”

नंतर कित्येक तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं. छातीत ठणका, थोडा ताप. काही दिवस खोकल्यातून काळपट रक्त पडत होतं. ते आधी साचलेलं, असं सांगितल्यावर धीर आला.

पण पोकळी आहे तिथेच आहे, रक्त पुन्हा येऊ शकतं, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. थुंकीत टीबी निघाला नाही. पोकळीत ॲस्परजिलस बुरशी निघाली. तिच्यासाठी इट्राकोनॅझोल चालू आहे. अँजिओची सीडी भाच्याकडे ठेवली आहे, पुढच्या डॉक्टरला कोणती धमनी बंद केली ते आधी कळावं म्हणून.